जावा: २१४७४८३६४७ ही मूळ संख्या असूनही फॉल्स का येतं?

प्रश्न
संख्या (एन) मूळ आहे का ते तपासणारं फंक्शन आहे. आय २ पासून सुरू, अट "आय * आय <= एन", भाग गेला की फॉल्स, लूप संपलं की ट्रू. सगळे टाइप इंट (३२ बिटांचा पूर्णांक). ७९१९ आणि १०,००,००३ ला उत्तर बरोबर येतं. २१४७४८३६४७ दिल्यावर मात्र लूप बराच वेळ फिरतं आणि फॉल्स येतं. ही संख्या मूळ आहे हे ऑयलरने १७७२ पर्यंत सिद्ध केलेलं आहे. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १
गणित बरोबर आहे, इंट अपुरा पडतोय. ४६३४० चा वर्ग २१४७३९५६००, तो मावतो. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१ हवा, पण ओव्हरफ्लो होऊन (किंमत इंटच्या मर्यादेबाहेर गेल्यामुळे) -२१४७४७९०१५ मिळतो. तुमचा एन ही इंटची कमाल किंमत आहे, त्यामुळे अट कधीच खोटी ठरत नाही. आय वाढत वाढत एनपर्यंत पोचतो, एनला एनने भाग जातो आणि फॉल्स मिळतं. अट "आय <= एन / आय" अशी लिहा.
एन < २ असेल तर आधीच फॉल्स परत करा, नाहीतर १ मूळ ठरेल.

प्रतिसाद २
लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) वापरायचा तर "(लाँग) आय * आय" लिहा. "(लाँग)(आय * आय)" चा उपयोग नाही, गुणाकार तोवर इंटमध्येच होऊन गेलेला असतो. सी मध्ये तर साइन्ड ओव्हरफ्लोचा परिणाम ठरलेलाच नाही, ऑप्टिमायझेशन बदललं की उत्तरही बदलू शकतं.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, चाललं. १८ अंकी हजारभर संख्या तपासायच्या असतील तर?

प्रतिसाद ३
मग ही पद्धत सोडा. एकेका मूळ संख्येला १०० कोटींपर्यंत भागाकार लागतील. मिलर–रॅबिन ही मूळ संख्या ओळखायची जलद कसोटी घ्या. फर्माची कसोटी (एन मूळ असेल तर पायाचा एन-१ वा घात एनने भागला की बाकी १ उरते) एकटी पुरत नाही: ५६१ = ३ × ११ × १७, तरी २ चा ५६० वा घात ५६१ ने भागला की बाकी १ च उरते. मिलर–रॅबिन तिथे कसं पकडतं पाहा. ५६० = १६ × ३५. २ च्या ३५ व्या घाताची बाकी २६३, मग वर्ग करत गेलं की १६६, ६७, १. ६७ हा १ ही नाही, ५६० ही नाही, तरी त्याच्या वर्गाची बाकी १ आली. मूळ संख्येच्या बाबतीत असं होऊच शकत नाही.
२ ते ३७ मधले बारा मूळ पाये (वर जसा २ चा घात घेतला, तशा घात घ्यायच्या संख्या) घेतले की ६४ बिटांपर्यंत उत्तर पक्कं मिळतं. एन स्वतः त्या बारांपैकी असेल तर आधीच ट्रू द्या. आणि १८ अंकी संख्यांचा गुणाकार लाँगमध्येही मावत नाही, म्हणून घातांकाचं काम बिगइंटिजरच्या (जावाचा कितीही मोठ्या पूर्णांकांचा टाइप) मॉडपॉवकडे द्या, ते घाताची बाकी काढून देतं.