'मला आठवतं' की 'झालं म्हणे'? दुसऱ्याच्या आठवणीला क्रियापद कोणतं?

परभणी : एका मासिकासाठी मेंदूवर लेख लिहितोय. एकाची आठवण यंत्रानं दुसऱ्याच्या डोक्यात घालता आली तर काय, असा विषय. नावाचं अडलेलं नाही, 'आठवणींची देवघेव' मला चालतंय. अडलंय क्रियापद. समजा, वडिलांनी पाहिलेला पोळा मला मिळाला. आता मी काय म्हणू? 'आज्यानं बैलांची खांदेमळणी केली म्हणे' म्हणावं तर ते ऐकीव नाही, मला दिसलंय. 'मला आठवतं' म्हणावं तर तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.

लातूर : आधी सांगा, असं कुठं खरंच झालंय का? नाहीतर बाजारात तुरी. (तुरीचा बाजार आमचाच, तेव्हा ही म्हण वापरायचा हक्क आहे.)

परभणी : अख्खी आठवण अजून कुणी कुणाला दिलेली नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिरुवनंतपुरमच्या माणसाच्या मेंदूतले संकेत टिपून स्ट्रासबुर्गच्या माणसापर्यंत पोचवले. गेलं काय, तर नमस्कारासारखे दोन शब्द, तेही शून्य-एकच्या रूपात. घेणाऱ्याला फक्त प्रकाशाची चमक दिसायची किंवा दिसायची नाही, त्यावरून शब्द लावायचा. याला मी तार म्हणेन, आठवण नाही.
उंदरांचा प्रयोग मात्र विषयाच्या जवळचा आहे. २०१३, अमेरिकेतली एमआयटी. उंदीर एका पेटीत हिंडला, तेव्हा जागलेल्या पेशींवर खूण केली. मग दुसऱ्या पेटीत त्याला विजेचा झटका देताना त्याच पेशी प्रकाशानं चेतवल्या. पुढं पहिल्या पेटीत सोडला की तो भीतीनं जागीच थिजायचा. तिथं त्याला काहीच झालं नव्हतं! त्याच्या लेखी मात्र झालं होतं. उंदराला 'म्हणे' लावायची सोय नाही.

गंगाखेड : 'म्हणे'चा नीट विचार करा. हा शब्द सहसा अविश्वासाचा धरतात, 'मोठा शहाणा म्हणे!' अशा अर्थानं. तो अर्थ आहेच. पण त्याचं मूळ काम मालकी सांगायचं : हे माझ्या डोळ्यांचं नाही, दुसऱ्याच्या तोंडचं आहे. आमच्या जनाबाईच्या अभंगात 'जनी म्हणे' येतं, नामदेवांच्या 'नामा म्हणे'. सातशे वर्षं लोक ते स्वतःच्या गळ्यानं गातात, डोळ्यांत पाणी आणून गातात, पण छाप कुणी बदलत नाही. दुसऱ्याचं अंतःकरण आपलं करायची ही जुनी रीत झाली, आणि तीत नाव पुसलं जात नाही.

लातूर : सर, गाणाऱ्याला छाप ठाऊक असते. डोक्यातच घातलेल्या आठवणीला छाप कुठं मारणार?
माझा जन्म भूकंपानंतरचा, गाव किल्लारीजवळ. ३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत घरं बसली. दगडाच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. माणसं गेली ती बहुतेक त्याखाली. इतक्यांदा ऐकलंय की ती धूळ माझ्या नाकात गेल्यासारखी वाटते. तरी तोंडात 'आजीनं चौकट धरून ठेवली म्हणं' असंच येतं. एकदा 'म्हणं' गळालं तर आजी म्हणाली, 'तू कुठं होतीस गं तवा?' त्या रात्री तिची लेक गेली. ती रात्र ती कुणाच्या नावावर करू देणार नाही.
आणि मी 'म्हणं' लावते म्हणून तर ती पुढचं सांगते : 'तसं नव्हं, चौकट नव्हं, उंबरा.' मलाच सगळं आठवत असतं तर तिच्यापाशी बसायचं कारण काय राहिलं?

देगलूर : थोडी भर. आमच्या सीमेवर ही सोय प्रत्येक बोलीत आहे. तेलुगूत 'अंट', कन्नडात 'अंते', दखनीत 'कते'. 'आया कते' म्हणजे 'आला म्हणे'. बाजारात एकच बातमी या सगळ्या शेपट्या लावून फिरते. इंग्रजीतून आलेलं 'मेमरी शेअर केली' तेवढं बिनशेपटीचं.

बीड : 'आठवण येणे' आणि 'आठवण काढणे' यांतला फरकही लेखात घ्या. येते ती आपोआप, एकट्याला. काढायला निदान दुसरं माणूस लागतं, आणि ज्याची काढली त्याला उचकी लागते. बिनतारी देवघेव आपल्याकडे आधीपासून आहे!

परभणी : उचकी घेतो. क्रियापदाचं असं ठरवतोय : 'वडिलांच्या आठवणीतलं मला दिसतं'. 'आठवतं' नको, कारण 'मला आठवतं'मधला 'मला' तिथं दोघांचा होतो.

लातूर : लांबतंय.

गंगाखेड : लांबू द्या. संपादकानं 'वडिलांच्या' शब्द कापला तर मात्र लेख परत मागवा.