प्रतिसाद: ई-फायलिंगचा पैसा नेमका जातो कुठे?
ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयांचं काम संगणकावर आणण्याच्या केंद्र सरकारच्या प्रकल्पाच्या, तिसऱ्या टप्प्याचे ७,२१० कोटी ‘एका वेबसाइटसाठी’ कसे लागतात, असं एकाने विचारलंय. वेबसाइटसाठी नाहीच लागत. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या रकमेतला सर्वांत मोठा भाग, सुमारे २,०३८ कोटी, खटल्यांची जुनी आणि चालू कागदपत्रं स्कॅन करून जपण्यासाठी आहे. क्लाउडसाठी, म्हणजे ही माहिती ऑनलाइन साठवायच्या यंत्रणेसाठी, साधारण १,२०५ कोटी. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांनी जिथे जाऊन अर्ज भरायचा त्या ई-सेवा केंद्रांना जेमतेम ३९४ कोटी. माझ्या मते खरी ओरड इथे व्हायला हवी. ई-फायलिंगचं, म्हणजे ऑनलाइन दावा दाखल करायचं, सॉफ्टवेअर तर एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेनेच बनवलेलं आहे.

पैसा आल्याने कागद थांबतो, हे मात्र पटत नाही. एका तालुका न्यायालयात आमच्या वकिलांनी दावा रीतसर ऑनलाइन दाखल केला, तरी खिडकीवर छापील संच मागितलाच, वर अनुक्रमणिका आणि पान क्रमांक हाताने घालून. म्हणजे झेरॉक्सवाल्याचं उत्पन्न शाबूत! ही सवय मोडायला निधी नको, छापील प्रत मागू नये असा स्पष्ट आदेश आणि तो पाळला जातोय का हे बघणारं कुणीतरी हवं.