पुढची साथ गुहेत शोधायची की तापाच्या रांगेत?

कर्वेरस्ता
केरळातून निपाहची, म्हणजे वटवाघळांतून येणाऱ्या जीवघेण्या विषाणूची, बातमी आली की पुण्यात एकच सूर लागतो: वटवाघळं तपासा, गुहा पालथ्या घाला. माझं मत उलटं आहे. प्राण्यातून माणसात विषाणू शिरणं फारसं आपल्या हातात नाही. माणसातून माणसात जाणं बरंचसं आहे, तेव्हा पैसा तिथे लागायला हवा.

शिरकाव होतच असतात आणि बहुतेक वेळा एक-दोन माणसांत विझतात. निपाहचा रुग्ण सरासरी एकाहून कमी जणांना लागण देतो. २०१८ साली केरळात १७ जण गेले, पण बहुतेकांना लागण रुग्णालयात झाली होती, म्हणून वेगळी खोली, मास्क आणि हातमोजे एवढ्यावर साथ आवरली. २००३ चा सार्स हा श्वसनाचा आजारही आवरला, कारण त्याचा रुग्ण दुसऱ्या आठवड्यात सर्वांत जास्त विषाणू सोडायचा आणि तोवर तो खाटेवर असायचा. कोविडचा माणूस लक्षणांच्या दोन दिवस आधीच पसरवत फिरतो. दोन्ही विषाणू एकाच घराण्यातले, पण एक आठ हजार रुग्णांवर थांबला आणि दुसरा जगभर गेला. हा फरक वटवाघळाच्या लाळेत दिसत नाही.

पुण्यात २००९ चा स्वाईन फ्लू आणि २०२० चा कोविड विमानानं आले, ताम्हिणीच्या जंगलातून नाही. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वॉर्डातल्या दवाखान्यांनी तापाची रोजची नोंद द्यावी, आणि न उलगडलेल्या तापाचं रक्त पाच दिवसांच्या आत, २ ते ८ अंशांत ठेवून, एनआयव्हीत (पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत) पोचावं. पाचव्या दिवसानंतर रक्तातला विषाणू झपाट्यानं कमी होतो आणि विषाणूचं जनुक शोधणारी पीसीआर चाचणी हुकते.

गुहावाटा
सहमत नाही. पोचलेलं रक्त तपासणार कशानं? पीसीआरचा प्रायमर म्हणजे साधारण २० अक्षरांचा तुकडा. विषाणूच्या जनुकात ती अक्षरं जुळली तरच चाचणी बोलते. नवा विषाणू असेल तर डेंग्यू निगेटिव्ह, चिकनगुनिया निगेटिव्ह, आणि केसपेपरवर 'व्हायरल फीव्हर' लिहून माणूस घरी. तुमच्या नोंदवहीत तो दिसेल, पण ओळखू येणार नाही.

चांदीपुरा विषाणूचं बघा. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरात तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू सापडला. २००३ साली आंध्रात मुलं मेंदूज्वरानं दगावू लागली तेव्हा तो पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या ओळखीचा होता, म्हणून कारण सापडलं. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा मिळाल्या. त्याचा अर्थ उद्या तिथे साथ येणार असा नाही. पण वाई-साताऱ्याच्या डॉक्टरांपुढे ताप, झटके आणि श्वासाचा त्रास एकत्र आले, तर निपाह त्यांच्या यादीत हवा. ही यादी गुहेतूनच येते.

गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापात तर माणसाआधी माकडं मरतात. १९५७ साली शिमोग्यात तेच झालं, आणि पुढे तो आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गापर्यंत आला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी भक्ष्य शोधत आजूबाजूला पसरतात. त्या जागेजवळून सरपणाला जाणाऱ्या बायकांना वेळीच सांगितलं तर माणसातला पहिला रुग्ण टळतो. तापाच्या रांगेत हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

कर्वेरस्ता
माकडतापाचा मुद्दा पूर्ण मान्य. मेलेलं माकड हा इशारा आहे, त्यावर लगेच हालचाल करता येते. निरोगी वटवाघळातला विषाणू तसा इशारा देत नाही. अमेरिकेच्या 'प्रेडिक्ट' प्रकल्पानं दहा वर्षांत सुमारे २० कोटी डॉलर खर्चून ९०० हून जास्त नवे विषाणू गोळा केले. त्यातला कोणता माणसाच्या पेशीला चिकटेल, आणि चिकटला तरी खोकल्यातून उडेल का, हे यादी सांगत नाही.

चांदीपुराबद्दलही बोलायला हवं. १९६५ पासून नाव ठाऊक होतं, तरी २००३ मध्ये मुलं गेली. ताप आल्यापासून २४ ते ४८ तासांत मूल बेशुद्ध होतं. तिथे लागते ती भिंतींच्या भेगा लिंपून हा विषाणू पसरवणारी वालुमाशी हटवणं आणि मुलाला तासाभरात मोठ्या रुग्णालयात नेणारी गाडी. शिवाय जनुकवाचनाला प्रायमर आधी ठाऊक असावा लागत नाही. नमुन्यातलं सगळं आरएनए (जनुकीय साखळी) वाचायचं आणि माणसाचं वजा करायचं.

टाकीझाकण
कर्वेरस्ता, तुमची तापाची नोंद डासातून पसरणाऱ्या झिका विषाणूपुढे लंगडी पडते. दहापैकी आठ जणांना लक्षणंच नसतात. २०२४ च्या जूनपासून एरंडवण्यातून सुरू होऊन शहरात शंभराच्या वर रुग्ण सापडले, त्यात गरोदर बायका बऱ्याच, कारण त्यांचीच खास तपासणी झाली. न तपासलेले किती, ते नोंदवहीत येत नाही.

इथे उपाय टाकीच्या कडेला आहे. झिका पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. कोरडी पडली तरी ती कित्येक महिने टिकतात. लोक आठवड्यातून एकदा पिंप उपडं करतात, धूळ झटकतात आणि पुन्हा भरतात. पाणी वर चढलं की अंडी भिजतात आणि आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून रिकाम्या पिंपाची आतली बाजू काथ्यानं घासायची, आणि घासलेलं पाणी गटारात नव्हे, कोरड्या मातीवर ओतायचं. बांधकामावरचा लिफ्टचा खड्डा, फ्रीजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, ही खरी घरं. धुरळणीनं उडता डास मरतो, पण एडिस कपाटामागे, पडद्याआड बसलेला असतो आणि अळीला धुराचं काहीच नाही.

रुग्णाला चावलेला डास लगेच विषाणू देत नाही. तो डासाच्या पोटातून लाळेत यायला आठ-दहा दिवस लागतात. रुग्ण सापडल्याबरोबर भोवतालच्या दोनशे-चारशे मीटरांतली घरं आतून तपासली, तर त्या दिवसांतच साखळी तुटते. रिपोर्ट पंधरा दिवसांनी आला की ती संधी गेली.

गोठा_खुराडं
गुहा आणि दवाखाना यांच्या मधला प्राणी तुम्ही सगळ्यांनी सोडला. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह वटवाघळातून थेट माणसात पसरला नाही. डुकरांच्या गोठ्यांवर फळझाडं होती, उष्टी फळं खाली पडली, डुकरांत विषाणू वाढला आणि शंभरच्या वर माणसं गेली. फ्लूचं जनुक तर आठ सुट्या तुकड्यांचं. एका डुकरात दोन फ्लू एकत्र आले की तुकडे अदलाबदल होतात. २००९ चा विषाणू तसाच जुळला.

आपल्या जिल्ह्यात कोंबड्यांचे फार्म थोडे नाहीत. पक्षी अचानक पाणी कमी पितात, अंडी घटतात, मग मरतूक वाढते. बर्ड फ्लूसाठी घशाचा आणि गुदद्वाराचा स्वॅब औंधच्या प्रयोगशाळेमार्फत भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जातो. पण पॉझिटिव्ह आला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारायचे असतात, आणि भरपाई उशिरा मिळेल या भीतीनं मालक मेलेले पक्षी गुपचूप पुरतो. मग कोंबड्या हाताळणारा कामगार कधी तापला, ते कुणालाच कळत नाही. भरपाई महिन्याच्या आत द्या, तरच खबर येईल.

गुहावाटा
हे पटलं, आणि कर्वेरस्ता यांचं जनुकवाचनही. पण ते प्रत्येक तापावर परवडणार नाही. निदान न झालेल्या मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णाचं रक्त आणि पाठीचं पाणी तरी उणे ८० अंशांत जपून ठेवा. पुढे कुठल्या गुहेत, कुठल्या गोठ्यात काही सापडलं, तर जुन्या नमुन्यात मागे जाऊन बघता येईल.

कर्वेरस्ता
ठेवू. फक्त एकाच नळीत नको. दर वेळी वितळवून पुन्हा गोठवलं की आरएनए तुटतं. घेतानाच अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या तीन-चार नळ्या करायच्या आणि प्रत्येकीवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहायची, नुसती नमुना घेतल्याची नव्हे.