जंजिऱ्याला जायचंय, आधी तिथी बघा

ए-१०२ : नमस्कार सोसायटीतली मंडळी. २४ ते २६ जानेवारी जोडून सुट्टी आलीय. दोन्ही पोरांना आणि आईला समुद्रात होडीतून फिरवून आणायचं मनात आहे. नुसतं किनाऱ्यावर बसून परत यायचं नाही. मुरुड-जंजिरा कोणी अलीकडे केलाय का? आईचे गुडघे दुखतात, होडीतली चढ-उतर जमेल का?

सी-६०४ : अवश्य जा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी मिळते, तीच घ्या. दिघीहूनही बोटी सुटतात, पण शिडाखाली बसण्याचं सुख वेगळं.

ए-५०१ : मी मोडता घालत नाही, पण १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेली बोट धडकेने बुडाली, ते डोक्यातून जात नाही. लहान मुलं बरोबर आहेत, जाकिटांचं आधी बघा.

ए-१०२ : हो ताई, तीच धास्ती आहे.

बी-४०३ : आम्ही दोनदा गेलो. पहिल्यांदा फसलो, दुसऱ्यांदा इतकं छान झालं की अजून घरात विषय निघतो. लांबलचक लिहितेय, पण वाचा.

गेल्या वर्षी सुट्टी बघून गेलो. ती नेमकी पौर्णिमा. उधाणाचं पाणी. किल्ल्याच्या दरवाज्याशी पायऱ्या आहेत, तिथे होडी एका लाटेला पायरीच्या वर, दुसऱ्या लाटेला हातभर खाली. खलाशी हात धरून एकेकाला उतरवत होते. सासूबाईंनी एक पाय पुढे केला आणि मागे घेतला. त्या होडीतच बसून राहिल्या, मी त्यांच्याजवळ थांबले. बाकीचे तासाभरात किल्ला बघून आले. परतताना त्या एवढंच म्हणाल्या, ‘दरवाजा तरी बघितला.’ मला फार लागलं ते.

मग यंदा डिसेंबरात अष्टमी धरून गेलो.

ए-१०२ : अष्टमी कशासाठी?

बी-४०३ : सी-६०४ काकांनीच शिकवलं. काका, सांगा ना.

सी-६०४ : सोपं आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. आपल्या मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला ढोबळमानाने बसते. अष्टमी, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाला भरती, दुपारी बाराच्या पुढे ओहोटी, संध्याकाळी परत भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन गर्दीच्या वेळी पाणी भरात. शिवाय त्या दिवसांत चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण. सप्तमी-अष्टमीला ते काटकोनात असतात, पाण्याची चढ-उतर सगळ्यात कमी. तिला भांगाची भरती म्हणतात. कृष्णपक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक धरायचं. शेवटचा शब्द मात्र नाखवाचा. तो नको म्हणाला तर निमूट परत फिरायचं.

बी-४०३ : हेच. आणि दुसरं म्हणजे वारा. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, ते मला चाळिशीत त्या होडीत कळले. पहिल्या होडीने निघालो तर वारा पाठीशी, ओहोटीचं पाणीही किल्ल्याकडे निघालेलं. दोघांनी दोरी ओढून परबाण, म्हणजे शिडाचा तिरका वासा, वर चढवलं, ठिगळं लावलेलं शीड एकदम फुगलं आणि होडी किंचित कलून चालू लागली. इंजिनाची घरघर नाही, डिझेलचा वास नाही. आम्ही नाखवाला आधीच विचारून, जास्तीचे पैसे देऊन, तटाजवळून थोडं लांबचं वळण घ्यायला लावलं होतं. काळे बुरूज थेट पाण्यातून उठलेले, त्यांच्यावर भरतीच्या रेघेपर्यंत कालवं चिकटलेली. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, दोन बुरुजांच्या बेचक्यात लपलेला आहे. मुलगा म्हणाला, ‘दार कुठाय?’ आणि तेवढ्यात ते समोर आलं.

या वेळी सासूबाई उतरल्या. कमानीत कोरलेल्या शरभापाशी, म्हणजे त्या पुराणातल्या काल्पनिक प्राण्यापाशी, त्याने पंज्यात धरलेले हत्ती मोजत उभ्या राहिल्या. गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंत हळूहळू चालल्या. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये हे तळं, त्यांना त्याचंच नवल.

परत निघालो साडेदहाच्या सुमारास आणि मध्यावर वारा पडला. शीड लोंबायला लागलं. होडी जागच्या जागी. मला धडधडायला लागलं, खरं सांगते. म्हातारा नाखवा शांत. त्याने मान वळवून एक गाल समुद्राकडे केला, म्हणाला, ‘आता फिरंल.’ दोघांनी वल्ही घातली, होडी ओहोटीबरोबर मागे जाऊ नये एवढीच. फळ्यांखाली पाणी टकटक वाजत होतं, बाकी काही आवाज नाही. माझी बडबडी मुलगीसुद्धा गप्प. वीसेक मिनिटांनी तिच्या कपाळावरचे केस उडाले, पश्चिमेकडून. शिडाची कड थरथरली, एकदा फडफडली आणि भरली. मुलं ओरडली, नाखवा पहिल्यांदा हसला. मला ती वीस मिनिटं किल्ल्याइतकीच मोलाची वाटतात.

सी-२०१ : बी विंगची लिफ्ट दुरुस्तीसाठी १ वाजेपर्यंत बंद आहे. कृपया नोंद घ्यावी.

ए-५०१ : वाचून अंगावर काटा आला. जाकिटं होती ना?

बी-४०३ : होती, पण धक्क्यावरची सगळी मोठ्यांच्या मापाची. धाकट्याला चढवलं तर खांद्यावरून सरकून कानाशी आलं. तसं जाकीट पाण्यात अंगावर राहत नाही. म्हणून दुसऱ्यांदा पुण्यातूनच मुलांच्या वजनाची घेऊन गेलो, मांड्यांमधून पट्टा येतो ती. घालून झाली की दोन्ही खांद्यांना धरून वर उचलून बघायचं. हनुवटी आत बुडाली तर पट्टे घट्ट करायचे. आणि होडीत माणसं जास्त वाटली तर उतरून पुढच्या होडीची वाट बघायची, संकोच करायचा नाही.

सी-६०४ : किल्ल्याच्या पश्चिम तटावर जाऊन पोरांना वायव्येला पद्मदुर्ग दाखवा. शिवरायांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधलेला. खाऱ्या वाऱ्याने तिथले दगड झिजलेत आणि मधला चुना तसाच उभा आहे, बांधणाऱ्यांचे हात काय असतील बघा. आणि महाराजांच्या बाजूने लढलेल्या दर्यावर्दी लाय पाटलांची गोष्ट सांगा. रात्री सिद्दीच्या पहाऱ्याखाली जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावून ते वाट बघत राहिले, मागून येणारं सैन्य वेळेत पोचलं नाही, पहाटे शिड्या काढून परतले. महाराजांनी पालखी दिली तर म्हणाले, आम्ही दर्यावर्दी, पालखी घेऊन काय करू? मग महाराजांनी गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पालखी’. परंपरेने सांगतात, मला लहानपणी आजोबांनी सांगितली.

ए-१०२ : काका, ही गोष्ट मी होडीतच सांगणार. आत्ता कालनिर्णय काढलं. २५ ला रविवारी रथसप्तमी. सातची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे सकाळी आठला ओहोटी चालू, बरोबर?

सी-६०४ : अगदी बरोबर.

बी-४०३ : शनिवारी ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत दिघीला जा. तिथून गाडीसकट जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, आगरदांड्याला उतरा, मुलांना तेही आवडेल. रात्री मुरुडला मुक्काम आणि रविवारी पहिली होडी.

ए-१०२ : आई विचारतेय, रथसप्तमीचं दूध उतू घालायचं कसं?

ए-५०१ : छोटी शेगडी माझ्याकडे आहे, काकूंना म्हणावं घेऊन जा.

बी-४०३ : आणि मुलांची जाकिटं माझ्याकडे आहेत, १५ ते ३० किलोची दोन. मोरीत टांगलीत. आज संध्याकाळी पोरांनाच पाठवा, अंगावर घालून बघू.