कोविड होऊन गेलेल्या पोराला कॉलेजच्या फुटबॉल ट्रायलला पाठवावं का? वर हमीपत्र पण मागायलेत

पेठेतला_बाबा
मंडळी जरा सल्ला पाहिजे. पोरगं बी.कॉम. सेकंड इयरला, फॉरवर्ड खेळतंय, बॉलशिवाय दुसरं काय सुचत नाही. यंदा २०२१ च्या जूनमध्ये, म्हणजे बाकी महाराष्ट्र उघडायला लागला आणि आपला कोल्हापूर जिल्हा निर्बंधांच्या चौथ्या लेव्हलला अडकून पडलेला तेव्हा, त्याला कोविड झाला. ऑक्सिजन ९१ पर्यंत उतरला, पाच दिवस सेंटरला काढले, घरी आल्यावर महिनाभर नुसतं झोपून. आता तसा बरा आहे, जेवतोय, गाडीवरनं हिंडतोय. पण नवरात्रात देवळं उघडल्यावर जोतिबाला गेलो होतो, दर्शन करून पायऱ्या चढून वर येताना मधेच खाली बसला आणि म्हणाला बाबा छातीत धडधडायलंय. पाच मिनिटांत नॉर्मल. मी बावन्न वर्षांचा, मी चढलो आणि हा बसला!

२० ऑक्टोबरपासनं कॉलेजं सुरू झाली. ह्याचा लसीचा दुसरा डोस डिसेंबरात, त्यामुळं वर्गात घेत नाहीत, लेक्चर अजून मोबाईलवरच. पण दिवाळीनंतर टीमची ट्रायल आहे तिला मात्र ये म्हणालेत. वर्गात बसला तर धोका आणि मैदानात पळाला तर नाही, हे गणित मला तरी सुटलं नाही. सोबत एक कागद दिलाय, झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं पुसट, 'माझा पाल्य स्वतःच्या जबाबदारीवर खेळत असून त्याच्या प्रकृतीस अपाय झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही'. खाली पालकाची सही. पोरगं म्हणतंय सही करा, नाहीतर हे बी वर्ष गेलं. बायको म्हणती फाडून टाका. काय करू?

दूधकट्टा_मेंबर
बाबा, लई विचार करू नका. पोरगं महिनाभर झोपून होतं, दम जाणारच की. सकाळी कच्चं दूध, दोन अंडी, जोर-बैठका, पंधरा दिवसांत घोड्यागत पळंल. आमच्या तालमीत चार-पाच जणांना होऊन गेला, सगळे मातीत उतरलेत. हमीपत्राचं काय एवढं, पूर्वी कॉलेजच्या सहलीला बी असंच लिहून घ्यायचे.

फिजिओ_ताई
दूधकट्टा दादा, दूध-अंडी द्या, कुणी नको म्हटलं नाही. पण धडधडीवर जोर-बैठका सांगू नका हो!! कोविडच्या व्हायरसनं काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, मायोकार्डायटिस म्हणतात. घरी बसलेल्या माणसाला ती कळत पण नाही, पण जोरात पळताना ठोके बिघडू शकतात आणि मग सावरायला वेळ मिळत नाही. सूज सापडली तर तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद, मग तो कितीही भारी स्ट्रायकर असू दे.

आता घाबरू पण नका. एवढ्या महिन्यांनी दम लागतो तो बहुतेक वेळा अंथरुणावर पडून गेलेला स्टॅमिनाच असतो, फक्त ते तपासल्यावर म्हणायचं, आधी नाही. फिजिशियनकडं जा, कार्डिओग्राम आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) बघायचं का ते डॉक्टर ठरवतील, शंका आली तरच पुढं एमआरआय. आणि तुम्ही स्वतः आत जा बरोबर. माझ्याकडं येणारी निम्मी पोरं टीममधनं काढतील म्हणून डॉक्टरपुढं धडधडीचं बोलतच नाहीत. जोतिबाची गोष्ट शब्दाला शब्द सांगा. रिपोर्ट चांगले आले तरी एकदम मॅच नको, आधी चालणं, मग हळू पळणं, मग बॉल, प्रत्येक टप्प्याला काही दिवस.

कोल्हापूर_ते_कोलंबस
हमीपत्र वाचून हसू आलं, कारण हा सिनेमा मी इथं अमेरिकेत ओहायोत गेल्या वर्षी बघितलाय. जून २०२० मध्ये इथल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीनं फुटबॉलच्या पोरांकडनं (त्यांचा फुटबॉल, हातात घेऊन पळायचा) अशाच एका कागदावर सह्या घेतल्या. मास्क लावीन, हात धुवीन, आणि कोविड होऊ शकतो हे मला माहीत आहे. युनिव्हर्सिटी म्हणत होती हा कायद्याचा कागद नाही, नुसती शपथ आहे. पण अशा कागदांवरनं बोंबाबोंब झाली आणि ५ ऑगस्टला इथल्या कॉलेज खेळांची वरची संघटना, एनसीएए, तिनं सांगून टाकलं की खेळायचं असेल तर हक्क सोडल्याचं लिहून द्या अशी अट घालायचीच नाही. आणि कोविडच्या भीतीनं जो खेळणार नाही त्याची स्कॉलरशिप पण काढायची नाही. आपल्याकडं स्कॉलरशिपच नाही, त्यामुळं काढायचा प्रश्न नाही, हाहा.

बाकी निर्णयांचा गोंधळ तिकडं पण तसाच. बिग टेन म्हणजे ओहायो स्टेट धरून तेव्हा १४ युनिव्हर्सिट्यांची लीग, तिनं ११ ऑगस्टला सीझन पुढं ढकलला, दुसऱ्या लीगवाले खेळत राहिले, इथं पोरं आणि आईबाप भांडायला उठले, १६ सप्टेंबरला निर्णय फिरला. पण फिरवताना रोज टेस्ट लावली आणि पॉझिटिव्ह आलेल्याला हृदयाची तपासणी करून किमान २१ दिवसांनीच मॅच, असा नियम केला. ऑक्टोबरात पहिली मॅच झाली तेव्हा लाखावर माणूस बसणारं स्टेडियम, आत नुसते घरचे लोक.

ताई म्हणाल्या त्याचे आकडे पण आहेत. आधी इथल्याच कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंचे एमआरआय काढले, ४ जणांत सुजेच्या खुणा, सगळे हादरले. नंतर बिग टेनमधल्या १,५९७ जणांचं बघितलं तर ३७ निघाले, म्हणजे २.३ टक्के. त्यातल्या बहुतेकांना काही त्रासच होत नव्हता.

रंकाळा_चौपाटी
तिकडं तो बास्केटबॉलवाला कोविडनंतर मैदानातच कोसळला ना? आमच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरायलाय. मी तर पोराला पाठवणार नाही बाबा.

कोल्हापूर_ते_कोलंबस
कियॉन्टे जॉन्सन, फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचा. १२ डिसेंबर २०२० ला कोसळला हे खरं, आधी कोविड झालेला हे पण खरं. पण फेब्रुवारीत घरच्यांनीच सांगितलं की तज्ज्ञांच्या मते त्याचा कोविडशी संबंध नाही. ग्रुपवर हे पण टाका.

मॅटवरची_रेडर
सगळे धोक्याचं बोलायलेत, पोराच्या बाजूनं मी बोलते. मी कबड्डी खेळायची. भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स १ मार्च २०२० ला संपल्या, टीव्हीवर बघून आम्ही ठरवलेलं पुढच्या वर्षी शिवाजी विद्यापीठाच्या टीममधनं आपण, आणि महिन्याच्या आत लॉकडाऊन. माझं थर्ड इयर तसंच गेलं, झोनल नाही, काहीच नाही. शूज अजून कपाटावर पिशवीत आहेत, आई दर दिवाळीला विचारती, देऊन टाकू का कुणाला. त्या अमेरिकेतल्या पोरांना एक वर्ष जास्तीचं खेळायला दिलं म्हणे. आमचं कोण वाढवणार?

म्हणून बाबा, सरळ नको म्हणू नका. सरांना भेटून ट्रायल पुढं मागा. चांगला फॉरवर्ड असेल तर सर नंतर पण घेतात, ट्रायलला न आलेल्या पोरी टीममध्ये आलेल्या मी बघितल्यात.

पेठेतला_बाबा
सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. ताई तुमचं खरं निघालं, आत गेल्यावर पठ्ठ्या म्हणतोय 'काय नाही डॉक्टर, ओके आहे'. मी जोतिबा सांगितला तेव्हा माझ्याकडं असा बघायलाय की मी गोलकीपर असून सेल्फ गोल मारला. मग डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर कळलं, मागच्या आठवड्यात गल्लीत खेळताना पण एकदा तसं झालेलं. कार्डिओग्राम, इको दोन्ही चांगले आले. तीन आठवडे हळूहळू वाढवत न्यायचं, त्यात पुन्हा धडधडलं की थांबून परत दाखवायचं.

सरांना भेटलो. ट्रायल महिनाअखेर घेतो म्हणाले, हमीपत्र मात्र पाहिजेच. मग मी त्यातली 'जबाबदार राहणार नाही' ही ओळ पेनानं खोडली, खाली लिहिलं की रिपोर्टच्या प्रती जोडल्या आहेत आणि मैदानावर त्रास झाल्यास लगेच दवाखान्यात न्यावे, आणि सही केली. सरांनी दोनदा वाचला, ड्रॉवरमध्ये टाकला. पोच मागितली तर म्हणाले अशा कागदाची पोच नसती. कुणाला माहीत आहे का कशी घ्यायची?

दूधकट्टा_मेंबर
सरांकडं नाही मिळायची. झेरॉक्स घेऊन ऑफिसात आवक-जावकच्या खिडकीला जावा, शिक्का आणि नंबर मारून देतात. जेवणाच्या सुट्टीआधी जावा, नंतर तो क्लार्क गावत नाही. आणि अंडी चालू ठेवा.