स्टेशनवर एकट्या उतरलेल्या पोरांसोबत काम करताना: अनुभव धागा

मुक्ता_कल्याण
आज कल्याणला फलाटावर एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा दिसला. काखेत गुंडाळलेली चादर, खाकी कपडा दिसला की दचकत होता. आरपीएफच्या ताई शेजारी बसल्या होत्या म्हणून मी गाडी पकडली, पण स्टेशनवरच्या मुलांच्या हेल्पडेस्कवर काम केलेले दिवस डोळ्यांपुढून हलेनात. इथं बरेच जण याच कामातले आहात, खरंच काय उपयोगी पडतं ते लिहा ना. कामाला नव्यानं येणाऱ्यांना प्रशिक्षणात कायद्याची कलमं शिकवतात, पोराशी पहिलं काय बोलायचं ते कुणी सांगत नाही. माझं: आल्या आल्या नाव-गाव नाही. खायला द्यायचं, संडास दाखवायचा आणि पुढे काय होणार ते सांगायचं. आता डॉक्टर बघतील, मग बाल कल्याण समितीसमोर जायचं, मी सोबत आहे.

सदाशिव_मास्तर
खायला आधी, शंभर टक्के! फक्त वडापावातली तिखट चटणी काढून द्या. बिचारी पोरं पाणी पाणी करतात.

रेहाना_म
पत्ता खोटा सांगतात, सांगू देत. मी विचारते घरून स्टेशनला कशानं आलास, वाटेत नदी लागली का, बाजार कुठल्या वारी भरतो. एकाच्या कॉलरीत शिंप्याचं लेबल होतं, अर्धं उसवलेलं, दुकानाचं नाव आणि खाली गाव. तिथल्या पोलीस ठाण्यातून माणूस गेला, शिंप्यानं बापाला ओळखलं. तेव्हापासून जुने कपडे धुवायला टाकायच्या आधी उलटे करून बघते.

प्राची_ठाणे
ताई, लेबल!! कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

संतोष_डोंगरी
चार-पाच पोरं आणि एकच ‘मामा’, सगळी तिकिटं त्याच्याकडे, तर लगेच वेगवेगळं बसवा. मामीचं नाव काय विचारा, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. जरीच्या नाहीतर बॅगांच्या कारखान्यात चाललेली असतात. घरी उचल पोचलेली असते म्हणून पोर तोंड उघडत नाही, बापाला पैसे परत करावे लागतील ही भीती. वेठबिगारीच्या १९७६च्या कायद्यानं असलं कर्ज रद्द होतं, हे त्याला त्याच दिवशी सांगा. चेहराच बदलतो.

किरण७७
वयाचं काय करता? कालच्या मुलाच्या आधारवर १९, आणि मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही.

संतोष_डोंगरी
बाल न्याय कायद्याचं कलम ९४ बघ. आधी शाळेचा दाखला, नाहीतर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नसेल तरच हाडांची तपासणी. शाळेला फोन लाव.

मीनल_हॅम्बुर्ग
इथं जर्मनीत २०१५च्या सुमारास सीरिया, अफगाणिस्तानातून अशी खूप मुलं एकटी आली. प्रत्येकाला कायदेशीर पालक नेमतात, साधे नागरिकही होऊ शकतात. मी एका अफगाण मुलाची पालक होते. आमच्या गटात एक पथ्य होतं, सोबत आलेल्या माणसाला दुभाषा करायचं नाही.

रेहाना_म
अगदी! आमच्याकडे सफाईला दरभंग्याच्या एक काकी होत्या. त्या मैथिलीत ‘जेवलास का’ विचारायच्या आणि दिवसभर गप्प बसलेलं पोर बोलायला लागायचं.

प्राची_ठाणे
आले. माझं एकच, घरी धाडायची घाई नको. २४ तासांत समितीसमोर न्यायचं हे बरोबर, पण म्हणून लगेच गाडीत बसवायचं असं नाही. घरचा चौकशी अहवाल येऊ द्या. एका मुलीचे वडील आले, ढसाढसा रडले, आम्हीही रडलो. ती मात्र त्यांच्या हातून बिस्किटसुद्धा घेईना. समुपदेशक मॅडमनी तेवढं बघितलं आणि पाठवणी थांबवायला लावली. पुढे मावशीकडे राहिली, यंदा दहावी पास झाली.

सदाशिव_मास्तर
वा! प्राची, तू ठाण्याच्या बॅचची ना? दिवाळीनंतर सगळे भेटतोय.

प्राची_ठाणे
हो सर! येणार, लेकीला घेऊन.

मुक्ता_कल्याण
आणि पोरांचे फोटो ग्रुपवर फिरवू नका, कितीही चांगल्या मनानं असलं तरी. ओळख उघड न करण्याचं कलम ७४ आहेच, पण ज्याच्यापासून पळून आलं त्यालाही तो फोटो मिळतो. थेट मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ला फोन करा.

किरण७७
शाळेचा नंबर मिळाला. हेडमास्तर उद्या रजिस्टर काढतो म्हणाले. संतोषदादा, थँक्यू!