मदत हवी आहे: तान्ह्या पोळ्याच्या (पोरांच्या पोळ्याच्या) लाकडी बैलांचे फोटो काळपट येतात, लाइट कोणता घेऊ?

सागवानी
अर्जंट आहे. पोळा तोंडावर आला. मागे पांढरा कागद लावला तर कागद राखाडी येतो अन् बैल काळा. शिंग नीट आलं तर शेपूट ब्लर. पुण्याच्या एका ताईंना २५ जोड्या पाहिजेत. फोटो पाठवले तर विचारतात, "हे जळालेत का?" २००० पर्यंत लाइट सांगा फक्त. लेक्चर नको.

वर्धाकाठ
कॅमेरा कोणता? बैल केवढा? चाकावरचे छातीइतके उंच नंदी बी राहतात ना भाऊ.

सागवानी
लहान म्हटलं ना. दोन इंच. मोबाईल आहे.

वर्धाकाठ
कुठं म्हटलं?

क्लिकभाऊ
डोळे मिटून रिंगलाइट घ्या. बायको ब्लाउज शिवते, तिचे सगळे फोटो मी त्यावरच काढतो.

एफसोळा
रिंगलाइट अजिबात नको! पॉलिशवर गोल चकती उमटेल. डीएसएलआर घ्या, १०० मिमी मॅक्रो, एफ/११, ट्रायपॉड. बाकी सगळे जुगाड.

वर्धाकाठ
२००० मध्ये? त्या लेन्सचं झाकण येईल राजेहो.

ओसरीतली बाई
दादा, फोटो काढता किती वाजता? उजेड कुठला असतो?

सागवानी
रात्री. दिवसा वावरात असतो. पिवळा बल्ब अन् वर ट्यूब. हो, फोटोत आडवे पट्टे पण येतात, ते राहिलंच सांगायचं.

ओसरीतली बाई
मग लाइट घेऊच नका. शाळेत पोरांनी केलेल्या मातीच्या बैलांचे फोटो मीच काढते, त्यावरून सांगते.

पट्टे ट्यूबचे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड असतो, त्यात सेटिंग हाताने बदलता येतं; तिथे शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. कागद राखाडी येतो कारण समोर सगळं पांढरं दिसलं की मोबाईल उजेड जास्त समजून फोटो अंधारा करतो. तिथेच एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजेड, थोडं वाढवा. शेपटीचं कारण म्हणजे तुम्ही मोबाईल पार नाकाशी नेता. फूटभर मागे या, दोन पट झूम करा, उरलेलं कापा. बैल आडवा उभा करा, म्हणजे शिंग आणि शेपूट मोबाईलपासून सारख्या अंतरावर येतात.

उजेडाला घरातला ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब पुरे. तो बाजूला ठेवायचा आणि मधे जुनं पांढरं धोतर ताणून बांधायचं, बैलापासून वीतभरावर. कापड जितकं जवळ, तितकी सावली मऊ. बल्ब कापडाला टेकवू नका. दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभा करा. ड्रॉइंगचा कागद भिंतीवरून खाली वळवत आणा, घडी पाडू नका. बाकीचे दिवे बंद.

एफसोळा
धोतरातून उजेड पिवळा येतो. ट्रेसिंग पेपर वापरा.

ओसरीतली बाई
नीळ दिलेलं धोतर घ्या मग!

जुनाट
लाकडी बैल काहून पाहिजे पण? आमच्या लहानपणी मातीचेच राहत. अन् साग गडचिरोलीतल्या आलापल्लीचा आहे का? त्याची चमकच न्यारी.

क्लिकभाऊ
लहानपणी बैल घेऊन दारी गेलं की बोजारा, म्हणजे पोरांना द्यायचे पैसे, चार आण्याचा मिळे. आता १० रुपये दिले तर पोट्टे तोंड पाहतात.

सागवानी
बोजाऱ्याचा धागा वेगळा काढा ना. बाबांचं धोतर बांधलं. पट्टे गेले, कागद पांढरा आला, शेपटीचा गोंडा पण दिसते. पण पोटाखाली दोन सावल्या पडतात, एक मऊ, एक कडक. बैलाले आठ पाय दिसतात. काय करू?

ओसरीतली बाई
ट्यूब बंद केली का?

सागवानी
नाही. मग मले दिसंल कसं?